अकरावं बोट

३० सप्टेंबर. उद्या खंडेनवमी, म्हणून सकाळपासून वर्कशॉप झाडते आहे. कोपऱ्यात साठलेला भुसा पोत्यात भरायचा, कटरचं पातं डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, रंधा मशीनच्या पोटातली सालपटं काढायची, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या काठ्या एकेक पुसून परत जागेवर लावायच्या. काम एकटीचं आहे, पण निवांत चाललंय, कारण मशिनी बंद आहेत. त्यांचा फ्यूज सोपानतात्यांच्या खिशात आहे आणि तात्या आठवडाभर रुसून घरी बसलेत.

तात्या कोण ते सांगते. झाडता झाडता मध्ये टेकून लिहिते.

राहात्यात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही पाट, चौरंग आणि लहान देव्हारे बनवतो. शिर्डीच्या रस्त्यावरचे दुकानदार ते घेऊन जातात. शेड आमची, मशिनी तात्यांच्या. आणि या शेडमध्ये रोज संध्याकाळी एक गोष्ट होते, जी मला वाटतं दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होत नसेल. बोटांची हजेरी.

काम संपलं, मेन स्विच पडला, की तात्या माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "हात." मी दोन्ही पंजे पसरून पुढे धरायचे. तात्या एकेका बोटाचं नाव घेणार.

"करंगळी?"

"हजर."

"अंगठीचं?"

"हजर."

असं दोन्ही हातांचं. मध्ये हसलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मला लाज वाटायची. चाळिशीतली बाई, मुलगी कॉलेजात शिकतेय, आणि पहिलीतल्या पोरीसारखी हात पुढे करून उभी! पण तात्यांपुढे कुणाचंच चालत नाही. माल न्यायला आलेला दुकानदार, मीटरचा आकडा बघायला आलेला वायरमन, पत्ता विचारायला डोकावलेला वाटसरू, सगळे जाताना हात दाखवूनच जातात. "आला तेवढा गेला पायजे," हे तात्यांचं ब्रीदवाक्य. एकदा एका दुकानदाराचं बोट आधीपासूनच तुटकं निघालं. तात्यांनी त्याला दारातच अडवला आणि भुशात वाकून शोधायला लागले. तो बिचारा ओरडतोय, "अहो, ते लहानपणीच गेलंय, रहाटात!" तात्या म्हणाले, "मंग येतानाच सांगायचं ना, नऊ घिऊन आलोय म्हनून."

माझी हजेरी झाली की तात्या स्वतःचे हात पुढे करतात. "आता माझी तू मोज." मी एकदा म्हटलं, "तुमची तुम्हीच मोजा की." तर म्हणाले, "आपली आपन मोजायची न्हाई, सूनबाई. आपल्याला आपल्याशी लई खोटं बोलता येतं."

तात्या माझे नातेवाईक नव्हेत. माझे सासरे आणि ते या शेडमधले भागीदार. सासरे गेले तेव्हा नवरा म्हणाला, शेड गोडाऊन म्हणून भाड्यानं देऊ. त्याचा टेम्पो आहे. लाकडाशी त्याचा संबंध ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकण्यापुरता. मी म्हटलं, मी शिकते. नवरा हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "बांगड्या काढून ये."

यावरून घरात जे झालं ते विचारू नका. सासूबाईंनी पदर खोचला आणि शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "सवाष्ण बाईचे हात भुंडे करतोस, सोपाना? लाज वाटत न्हाई?"

तात्या रंधा बंद करून शांतपणे म्हणाले, "आक्का, काढलेल्या बांगड्या सांजच्याला परत घालता येत्यात. बोटं घालता येत असली तर सांगा."

सासूबाई परत आल्या. मला म्हणाल्या, "मेला बोलायला सोडत न्हाई." पण तेव्हापासून सकाळी माझ्या बांगड्या त्याच काढून देवाजवळच्या वाटीत ठेवतात आणि संध्याकाळी मी आठवणीनं घालते की नाही ते बघतात. मंगळसूत्र आत, अंगठी नाही, केसांचा घट्ट अंबाडा, साडी नाही, ओढणी तर नाहीच नाही. नवऱ्यानं कौतुकानं रबरी हातमोजे आणून दिले तेही तात्यांनी खुंटीला टांगले. "हे थंडीत घाल, नायतर भांडी घासताना. फिरत्या पात्यापाशी न्हाई. पातं मोजा धरतं, आन मोज्यात काय हाय ते इचारत बसत न्हाई."

पुढचे कित्येक दिवस मी बंद मशीनवर शिकले. म्हणजे खरोखरच बंद. फ्यूज काढलेला, पट्टा उतरवलेला. मी फळी गाईडला, म्हणजे पात्याशेजारच्या लोखंडी पट्टीला, लावून पुढे सरकवायची आणि तात्यांनी तोंडानं आवाज काढायचा. "घुंऽऽऽ. सरळ हुबी ऱ्हाऊ नको. बाजूला. पात्याच्या रेषेत पोट आनू नको. घुंऽऽऽ. आता फळीत गाठ आली, आता फळी मागं येनार, कुठं हायेस तू? मेलीस. परत." कुंपणापलीकडून शेजारणी बघायच्या. गावात बोभाटा झाला की मंगलचं आणि म्हाताऱ्याचं डोकं एकदमच फिरलंय, दोघं शेडमध्ये गाडी गाडी खेळतात.

मशीन चालू करायच्या आधी तात्यांचे रोजचे दोन प्रश्न असतात. "जेवलीस का? भांडलीस का?" उपाशी असलं तर आधी भाकरी. भांडून आलं असलं तर त्या दिवशी फक्त पॉलिशपेपर. "भांडनारं मानूस हात हितं ठेवतं आन डोकं घरी," हे त्यांचं म्हणणं. मला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. त्यामुळे नवऱ्याशी सकाळी वाजलं की दिवसाचं काम गेलंच समजा. शेवटी आमच्या घरात असा कायदाच झाला, की भांडण संध्याकाळी हजेरी झाल्यावर. संध्याकाळपर्यंत बहुतेक वेळा कशावरून भांडायचं होतं तेच आठवत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची काही बरी गेली, त्याचं श्रेय मी कटर मशीनला देते.

आता फ्यूज. आमच्या मेन बोर्डात पांढऱ्या चिनी मातीचा जुना फ्यूज आहे, मुठीत मावणारा. तात्या घरी जाताना तो उपसतात आणि कोपरीच्या आतल्या चोरखिशात टाकून वरून बटण लावतात. "मशीनचा जीव माझ्या खिशात," असं म्हणतात, राक्षसाचा जीव पोपटात असतो तसं. बाजाराला गेले तरी तो त्यांच्याबरोबर, दवाखान्यात गेले तरी बरोबर.

एकदा पुतण्याच्या लग्नाला ते अकोल्याकडं गेले. माझं शिक्षण तेव्हा अर्धवट होतं. नवऱ्याला नेमकी कुणासाठी तरी फळी कापून हवी होती. मी फोन लावला.

"तात्या, फ्यूज कुठंय?"

मागं बँड वाजत होता. तात्या ओरडून म्हणाले, "माझ्यासंगं लग्नाला आलाय! पंगत बी झाली त्याची!"

नवरा चिडला. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुसरा फ्यूज आणला, बसवला, स्विच दाबला. मोटर फिरली, पातं जागचं हललं नाही. खाली वाकून बघितलं तर पट्टाच गायब. पुन्हा फोन.

"व्हय, त्यो बी आलाय. पिशवीत हाय, आहेराच्या टॉवेलाखाली. रम्यानं दुसरा फ्यूज आनलाच ना? आननारच. त्याच्या बापाला बी दम न्हवता."

नवऱ्यानं ती फळी शेवटी करवतीनं कापली. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणून टेम्पोही चालवला नाही.

भिंतीवरच्या या काठ्यांचं सांगायचं राहिलं. हातभर लांब लाकडी काठी, टोकाला खाच. लहान तुकडा पात्यापाशी न्यायचा तर हातानं न्यायचा नाही, या काठीनं ढकलायचा. देव्हाऱ्याची कामं सगळी लहान तुकड्यांची, म्हणून आमच्याकडे काठ्या पुष्कळ. तात्या तिला अकरावं बोट म्हणतात. "ह्ये कापलं तर चुलीत घालायचं. बाकीची धा चुलीत घालायची न्हाईत."

हे बोट ते नुसतं आम्हालाच देत नाहीत. गावातल्या कांडपवाल्या बाईला मिरच्या लोटायला त्यांनी एक करून दिलंय. उन्हाळ्यात रसवंतीवर थांबले की आधी रसवाल्याचा हात चरकापासून किती लांब आहे ते बघतात, मग रस पितात. पुढच्या खेपेला काठी घेऊन जातात. बारशाला, साखरपुड्याला, वास्तुशांतीला लोक टॉवेल-टोपी आणतात. तात्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी आणतात. ज्यांच्या घरी गुरं आणि कडबाकुट्टी मशीन आहे, त्यांना तर लांब दांड्याची. एका वरमाईनं ती लाटणं समजून सुनेच्या रुखवतात ठेवली होती. तात्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "पोळ्या लाटू नगा हिनं. कडबा लोटा. हात लांब ठिवा." कुणाला राग यायचा, कुणी हसायचं. घेऊन मात्र सगळे ठेवायचे.

मीही हसायचे. मग एक दिवस हसणं थांबलं.

सागाची पट्टी कापत होते. दिसायला स्वच्छ पट्टी, आत गाठ. पातं गाठीला लागलं आणि पट्टी माझ्या हातात उरलीच नाही. कानाशी काहीतरी सूं करून गेलं आणि मागच्या पत्र्यावर आदळलं. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे, आतून बोट घातलं तर जातं. मी बाजूला उभी होते, कारण त्या घुंऽऽऽच्या दिवसांत मला शेकडो वेळा मारून झालेलं होतं. हात बघितला. हातात काठी होती, पण तिचं टोक पात्यानं तिरपं उडवलं होतं, अगदी पेरूची फोड उडवावी तसं. माझी बोटं त्या टोकाच्या जागी असती, जर मी माझ्या अकलेनं चालले असते.

तात्यांनी मशीन बंद केली. पातं पूर्ण थांबू दिलं. मग माझ्या हातातली तुटकी काठी घेतली.

"अकरावं गेलं. बाकीची?"

"आहेत."

"आहेत न्हाई. हजेरी."

भर दुपारी हजेरी झाली. नावं घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "जा, च्या ठिव," आणि शेडच्या मागं गेले. मी चहा ठेवला. माझ्या हातांनी साखर घातली, माझ्या हातांनी आलं ठेचलं, आणि दर वेळी मला नवल वाटत राहिलं. चहा गाळून मी मागं न्यायला गेले, तर तात्या बांधाच्या दगडावर बसून ती तुटकी काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. मी खाकरले तसे उठले. "साखर कमी हाय," म्हणाले, पिण्याच्या आधीच.

ती काठी तिथं वर, देवाच्या फोटोशेजारी आहे. आज तिच्यावरची धूळ मीच पुसली. आज मी भाकरी थापते, सुई ओवते, मुलीच्या केसांना तेल लावते, या सगळ्याला दोन हातांची दहा बोटं लागतात, आणि ती मला तात्यांनी दिलीत. आईबापांनी एकदा दिली होती, तात्यांनी दुसऱ्यांदा. एवढं लिहून हा विषय संपवते. मला जास्त गहिवरता येत नाही.

तात्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं. काकूंच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे, मधली तीन नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कसं झालं ते काकूंनीच मला सांगितलं होतं, शेंगा फोडता फोडता. कडबाकुट्टीला कडबा आत सरकवायची लाकडी पन्हळ असते. ती मोडली होती. तात्यांनी ती दुरुस्तीला म्हणून वर्कशॉपवर नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. गौरीगणपतीचे दिवस, गिऱ्हाइकांचे चौरंग आधी. आज करतो, उद्या करतो. गाय तर थांबत नाही. काकूंनी हातानं कडबा लोटला.

"सुताराच्या घरचं काम, दुसरं काय," काकू म्हणाल्या. "लोकांचं नीट, घरचं मोडकं. मी काय बोलले न्हाई. त्यानंच सोताला लई बोलून घेतलं. तवापासून भाकरी त्योच थापतो. पयल्यांदा थापायचा तर गायीनं बी तोंड फिरवलं हुतं. आता बरी करतो."

आता गेल्या आठवड्याचं.

दसऱ्याचे देव्हारे निघायचे होते, दोघंही कामात होतो. मी कानशीनं कोपरे घासत होते, तात्या कटरवर जाळीच्या बारीक पट्ट्या कापत होते. तात्यांच्या कामाला आवाज नसतो; म्हणजे मशीनचा असतो, तात्यांचा नसतो. "मशीन आंधळी हाय, तू बहिरी हू नको," हे मला शिकवलेलं. त्या दिवशी मशीनच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. टक टक टक टक. मी मान वर केली. तात्यांच्या हातातली काठी गाईडच्या लोखंडावर वाजत होती. उजवं मनगट थरथरत होतं, आणि ते दुसऱ्या हातानं ते दाबायला बघत होते. म्हणजे दोन्ही हात पात्याजवळ.

अलीकडे ते चहाचा कप डाव्या हातात का धरतात, बशीत चहा का सांडतो, हे मला एकदम कळलं. विचारलं तेव्हा "च्या लई गरम हाय" असं उत्तर मिळालेलं.

मी लाल बटण दाबलं.

"कुनी बंद केली?"

"मी."

"का?"

पूर्वी आमच्याकडे एक सुतार यायचा, हाताचा कसबी, पण सकाळीच पिऊन. तात्यांनी त्याला पहिल्याच दिवशी परत पाठवला होता. तेव्हा म्हणाले होते, "ज्याचा हात हालतो त्यानं मशीनपाशी यायचं न्हाई. मंग त्यो देव का असंना."

मी म्हटलं, "तात्या, देव का असंना."

त्यांना समजलं. तोंडावरचा रुमाल सोडला, चष्मा पुसून खिळ्याला लावला. मेन बोर्डातून फ्यूज उपसला, चोरखिशात टाकला. बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी तिकडे बघायचं टाळलं. मग हजेरी न घेता गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर शेड बंद. दुकानदारांचे फोन यायला लागले. नवरा म्हणाला, "नवा फ्यूज आणतो, पट्टा तर जागेवर आहे." मी नको म्हटलं. मशिनी त्यांच्या आहेत हे एक. दुसरं म्हणजे मी तसं केलं असतं तर तात्या पुन्हा या शेडमध्ये आले नसते. आणि तिसरं, त्यांची समजूत घालून फ्यूज परत आणला, तर ते स्वतःही मागोमाग येऊन कटरपाशी उभे राहिले असते. मला फ्यूज पाहिजे होता, तात्या पाहिजे होते, आणि तात्या मशीनपासून लांब पाहिजे होते. तिन्ही एकदम कसं मागायचं ते सुचत नव्हतं. म्हणून हा सगळा आठवडा मी गप्प बसले, आणि आज झाडू घेतला.

दुपारी झाडून झालं. दिवस कलता कलता आंघोळ केली आणि पूजेचं बोलावणं करायला त्यांच्या घरी गेले. हे पुढचं घरी येऊन लिहिते आहे.

तात्या गॅसपुढे पाटावर बसून भाकरी थापत होते. काकू भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या, लसूण डाव्या हातात, उजव्या अंगठ्याचं नख. मी आले तसं तात्यांनी मान वर केली नाही.

"तात्या, उद्या पूजा आहे. सकाळी या दोघं."

"तूच कर. तुला लई येतं आता."

"येतं. तुम्हीच शिकवलंय."

"मंग झालं तर."

परातीत भाकरी फिरत होती खरी, पण गोल व्हायला तयार नव्हती. एक बाजू पातळ, एक जाड, कडेला चिरा. काकू म्हणाल्या, "बघितलीस? भाकरीला बी कापरं भरलंय."

"गप ए," तात्या म्हणाले.

"मी कशाला गप? आठ दिस झालं गपच हाय. खिशात त्यो दगूड घिऊन झोपतोयस, कूस बदलली की मला टोचतो." मग माझ्याकडे वळल्या. "तुला म्हाईत हाय का, ह्यो रोज निजायच्या आदी माझी बी हजेरी घेतो?"

मला माहीत नव्हतं.

"रोज. ह्या घरात आल्यापास्नं न्हाई, ह्ये झाल्यापास्नं." त्यांनी हात वर केला. "डावा हात मोजतो, पाच. मंग हा. अंगठा, करंगळी. सात झाली की थांबतो. मंग आपला हात हितं लावतो," काकूंनी मधल्या मोकळ्या जागेवर दुसऱ्या हाताची बोटं टेकवली, "आन म्हनतो, आठ, नऊ, धा. झाली. नीज आता."

तात्या भाकरी तव्यावर टाकायची विसरून बसले होते. "पोरीपुढं कशाला सांगतीस ते."

"सांगनार. कारन तुला तुझी धा वाटत्यात. तुझी धा न्हाईत, सातच हायेत. धातली तीन माझी हायेत. तू रोज रातीला मला देतोस आन सकाळी घिऊन जातोस. तुझ्या सातांचं तुला काय करायचं ते कर. माझी तीन मी त्या पात्यापाशी जाऊ द्यायची न्हाई. एकदा गेली तेवढी बास."

तवा नुसताच तापत होता, धूर यायला लागला. मी उठून गॅस बारीक केला. बाहेर गायीनं शेपटी झटकल्याचा आवाज आला.

तात्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, आणि कोपरीच्या आत घातले. चोरखिशाचं बटण निघेना. बोटं बटणापाशी जायची आणि घसरायची. मी पुढे होणार तेवढ्यात काकू सरकल्या. अंगठा आणि करंगळी, या दोघांच्या चिमटीत त्यांनी बटण धरलं आणि एका दमात काढलं. आत हात घालून फ्यूज बाहेर घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चिनी माती चांगली कोमट झाली होती.

"खिसा हाय का तुझ्या कपड्याला?" तात्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा, कडक.

"नाही."

"मंग कुठं ठेवशील? पिशवीत? पिशवी कुनी बी उघडतं. रम्या तर पयला."

"बघते काहीतरी."

"बघते न्हाई. आधी खिसा, मंग मशीन."

"बरं. पण तात्या, काठ्या संपत आल्यात. कापून मी देईन, कानस आणि पॉलिशपेपर तुम्हाला मारायला लागेल. त्याला हात हलला तर चालतो, उलट बरंच आहे." काकू फिस्सकन हसल्या. मी पुढं म्हटलं, "आणि संध्याकाळी यायला लागेल. माझी मी मोजायची नाही, असं तुम्हीच ठरवलंय."

तात्यांनी तवा उतरवून खाली ठेवला.

"हात," ते म्हणाले.

एका मुठीत फ्यूज होता, तो मी काकूंच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही पंजे पुढे धरले. आठवडाभराची हजेरी त्यांनी सावकाश घेतली. मग त्यांनी आपले हात पुढे केले. उजवा हलत होता, हलू दिला. मी सात मोजली आणि काकूंकडे बघितलं.

"हजर," काकू म्हणाल्या. तीन वेळा.

१ ऑक्टोबर. सकाळी पूजेच्या आधी, झेंडूचे हार ओवायच्याही आधी, मी शिवणाचं मशीन काढलं आणि कामाच्या कुडत्याला आतल्या बाजूनं चोरखिसा शिवला. बटण मोठं लावलं.